एकोणीस नंबरचा तारा

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर असे चार महिने मी कागद कापत होतो. आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर, दाढीचं नवं पातं घेऊन. कोणी विचारलंच तर मी सांगायचो की ताऱ्यांवर काम करतोय. विचारणारा माझ्या पुढ्यातल्या कातरणांकडे एकदा बघायचा आणि पुढचं काही विचारायचा नाही.

मी त्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. पीएच.डी.साठी मला एक वर्षाची रजा मिळाली होती आणि ती दिवाळीच्या सुट्टीबरोबर संपणार होती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडील जांभ्याच्या खाणीत चिरे काढायचे. दादा आठवीतून शाळा सोडून रत्नागिरीच्या बाजारात एका सुपारीच्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर उभा राहिला, आणि तो उभा राहिला म्हणून मी शिकत गेलो. हे मी कधी विसरलो नाही, आणि दादाने ते कधी बोलून दाखवलं नाही. मी दादा-वहिनींकडेच राहत होतो. त्यामुळे ती रजा वाया घालवण्याचा अधिकार मला एकट्याला नव्हता, असं मला तेव्हा वाटायचं.

काम काय होतं ते सांगतो. आकाशात लालसर, थंड तारे पुष्कळ आहेत. थंड म्हणजे आपल्या सूर्याच्या मानाने. त्यांत मुख्य जाती दोन. एक राक्षसी तारे, म्हातारपणी फुगत फुगत एवढे मोठे झालेले की त्यांचं वातावरण अगदी विरळ होऊन जातं. दुसरे खुजे, सूर्याहूनही लहान आणि घट्ट दाबलेले. पंचाईत अशी की दोघांचा रंग सारखाच असतो आणि लांबून दोघंही ठिपकेच दिसतात. जवळचा खुजा आणि फार लांबचा राक्षसी शेजारी ठेवले तर डोळ्याला काही फरक कळत नाही. तो कळतो त्यांच्या वर्णपटात. ताऱ्याचा प्रकाश पट्ट्यासारखा पसरायचा आणि तांबड्याच्या अगदी टोकाला, जिथे आपली नजर संपते त्याच्याही जरा पुढे, काळ्या रेघा शोधायच्या. तिथे सोडियमच्या रेघांची एक जोडी असते. ती खुज्या ताऱ्यात ठळक असते, राक्षसी ताऱ्यात फिकी. त्याच्या पुढे कॅल्शियमच्या तीन रेघा असतात, त्यांचं बरोबर उलट. दोन साक्षीदार, एकमेकांशी काही संबंध नसलेले. दोघांनी एकच सांगितलं की ताऱ्याची जात ठरली.

हे वर्णपट फोटोच्या काचेच्या प्लेटांवर घेतलेले होते, दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत. फेब्रुवारीत माझे मार्गदर्शक सर बरोबर होते, मे महिन्यात मी एकटा गेलो होतो. मग पुण्याला सरांच्या प्रयोगशाळेत एका यंत्राने प्रत्येक प्लेटचा आलेख लांबलचक कागदावर एकापुढे एक चार-पाच वेळा काढला. काळ्या रेघेच्या जागी आलेखात एक दरी पडते. ती दरी नेमकी कापायची आणि तिचं वजन करायचं. कागद सगळीकडे सारख्या जाडीचा, म्हणजे वजन जास्त तर रेघ ठळक. आज कोणाला हसू येईल, पण तेव्हा बरेच जण असंच करायचे. पुण्यातला नाजूक काटा सतत कोणीतरी वापरत असे. आमच्या कॉलेजात तो काचेच्या पेटीत बसून होता. म्हणून बत्तीस ताऱ्यांच्या गुंडाळ्या घेऊन मी एसटीने घरी आलो.

काट्याची किल्ली प्रयोगशाळेतल्या शिपायांकडे असे. त्यांना सगळे मामा म्हणत. माझे कागद काट्यावर चढतात हे मामांना पसंत नव्हतं.

"सर, रागावू नका," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "पण पेपरच तोलायचा तर आमचा रद्दीवालासुद्धा एवढा वेळ घेत नाही."

त्यांची चूक नव्हती. पंखा लावला की कातरणं उडायची, बंद केला की घामाचा थेंब पडायचा. वीज गेली की बारीक काप दिसायचे नाहीत. आणि पावसाळ्यातला कागद ओल धरतो. सकाळी केलेलं वजन दुपारी जुळायचं नाही. पहिले पंधरा दिवस त्यात गेले. शेवटी मामांनीच कपाटातून झाकणाची जाड काचेची बरणी काढून दिली, तळाशी ओल शोषून घेणारं मीठ घातलेली. कातरणं रात्रभर तिच्यात ठेवायची आणि सकाळी बाहेर काढल्या काढल्या तोलायची. मग आकडे जुळायला लागले. मी सावध माणूस आहे याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

आणखी एक सावधगिरी मी घेत होतो. सोडियमच्या जोडीच्या आजूबाजूला आणि अगदी तिच्या अंगावरही आपल्या हवेतल्या वाफेच्या रेघा पडतात. ताऱ्याचा प्रकाश आपल्या हवेतून येतो, त्यामुळे ही भेसळ टळत नाही. ती ओळखण्यासाठी एक पांढरा, तापलेला तारा घ्यायचा. त्याच्या स्वतःच्या रेघा त्या भागात जवळजवळ नसतात, जे काय दिसेल ते वाफेचं. तेवढं वजन लाल ताऱ्याच्या वजनातून वजा करायचं. मी प्रत्येक ताऱ्याला ही वजावट करत होतो. वहीत वेगळा रकाना होता.

जुलैच्या शेवटी एकोणीस नंबरचा तारा आला. जुन्या यादीत तो राक्षसी म्हणून नोंदलेला होता. त्याची सोडियमची दरी मी कापली, तोलली, वजावट केली, आणि तरी ती सगळ्या राक्षसी ताऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट भरली. तीनदा कापून बघितली. तारा खुजा होता. आणि एवढा तेजस्वी दिसणारा खुजा म्हणजे तो फार जवळचा असला पाहिजे, सूर्याच्या शेजारपाजारचाच, आणि तोवर कोणी त्याला शेजारी म्हणून मोजलं नव्हतं.

मी त्याच दिवशी सरांना पत्र टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. सरांनी लिहिलं होतं की हे खरं असेल तर त्यावर एक छोटा लेख तुझ्या एकट्याच्या नावाने पाठवू, आणि त्याच्या जोरावर रजा सहा महिने वाढवून मागता येईल. प्राचार्यांना ते स्वतः लिहिणार होते. खाली एकच ओळ होती: कॅल्शियमचं काय म्हणणं आहे?

पत्रातलं पहिलं अर्धं मी घरात वाचून दाखवलं. दादाने मान हलवली आणि जेवत राहिला. दुसऱ्या दिवशी बाजारात सगळ्यांना माहीत झालं होतं की याच्या भावाने एक तारा शोधून काढलाय. पानवाल्याने मला हाक मारून विचारलं, दिसतो कुठे? मी म्हटलं, शोधला वगैरे नाही, तो होताच, फक्त त्याची जात चुकीची लागली होती. पानवाला म्हणाला की मग तहसीलदार कचेरीत जावं लागेल. लोक हसले, मीही हसलो. तेवढे दोन आठवडे मी हसत होतो.

कॅल्शियमचं म्हणणं उलट होतं. तिन्ही रेघा चांगल्या ठळक होत्या, एखाद्या राक्षसी ताऱ्यात असाव्यात तशा. मी स्वतःची समजूत घातली. कॅल्शियमच्या रेघा प्लेटच्या कडेला येतात, तिथे प्लेट नीट उमटत नाही, तेव्हा कडेच्या रेघांवर किती भरवसा ठेवायचा? मग वाटलं की आपल्या कापण्यातच फरक पडत असेल. मी एकोणीस नंबर पुन्हा कापला. त्याच गुंडाळीवर आता जागा उरली नाही म्हणून पुण्याहून आलेखाची दुसरी प्रत मागवली. ती यायला तीन आठवडे लागले, आणि आली ती पोस्टात भिजलेली. ती वाळवून, सरळ करून कापली. सोडियम म्हणे खुजा, कॅल्शियम म्हणे राक्षसी. ऑगस्ट संपला. आधीच्या सतरा-अठरा नंबरांत असं भांडण नव्हतं. वीसपासून तेवीसपर्यंत मात्र थोडं थोडं होतं, आणि तिकडे मी मुद्दाम लक्ष दिलं नाही. हे लिहायला मला अजून जड जातं.

शहरात विचारायला कोणी नव्हतं. असा माणूस पुण्यात, म्हणजे पत्र टाकलं की उत्तराला आठ दिवस. ट्रंककॉल लावला की सरांच्या विभागातला कारकून फोन उचलून ते वर्गावर असल्याचं सांगायचा. लागतील ती नियतकालिकं आमच्या ग्रंथालयात येत नसत. मामा आता विनोदही करेनासे झाले होते, किल्ली टेबलावर ठेवून निघून जायचे. घरी मी वहिनींवर कारण नसताना चिडलो. त्यांनी पुढचे दोन दिवस फक्त विचारल्याचं उत्तर दिलं.

गणपती गेले आणि दादाला ताप भरला. तो काट्यावर नसेल तर सुपारीचं तोलणं अडतं, आणि मालक परक्या कोणाला हात लावू द्यायला तयार नव्हता. दादाने मला विचारलं, दोन दिवस उभा राहशील का. मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्या कातरणांपासून पळायला मला निमित्त हवंच होतं.

तिथली रीत दादाने अंथरुणावरूनच समजावली. पावसाळ्यात वाळलेली सुपारी हवेतली ओल ओढते आणि वजनाला जास्त भरते. म्हणून रोज सकाळी पहिल्या पोत्यातली दोन मुठी सुपारी तोलायची, शेगडीवर पत्र्यात टाकून चांगली तापवायची, पुन्हा तोलायची. जेवढं वजन उतरलं ती त्या दिवसाची तूट. ती पाटीवर लिहायची आणि संध्याकाळपर्यंत येईल त्या मालातून त्याच हिशेबाने वजा करायची. माल आणणारे वाडीवाले, म्हणजे पोफळीच्या बागांचे मालक, पाटी बघूनच पोतं खाली ठेवतात. पहिल्या दिवशी मी सगळं नीट केलं. त्या दिवशी पाऊस थांबलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं होतं. कोळसा ओला होता, शेगडी पेटेना, आणि दारात माणसं येऊन उभी राहिली. मी पाटीवरची कालची तूट तशीच ठेवली. म्हटलं, एका दिवसाने असा काय फरक पडणार आहे.

पूर्णगडाकडचे एक म्हातारे वाडीवाले पहिले होते. त्यांनी पाटी वाचली, मागे वळून रस्त्यावरचं ऊन बघितलं, आणि पोतं खांद्यावरून खाली घेतलंच नाही.

"ही तूट कालची हाय ना?"

मी म्हटलं, हो, शेगडी पेटत नाहीये, आजच्या दिवस चालवून घ्या.

"चालवून कशी घेव? मास्तर, कालचा पाऊस माज्या सुपारीला कशाला लावतोस?"

मागचे लोक हसले. एकाने विचारलं, कॉलेजात हेच शिकवता काय. म्हाताऱ्याने त्याला गप्प केलं आणि मला समजुतीने सांगितलं की माल आज आलाय तर तूटही आजचीच लागते, तुजा भाऊस पेटत नसली तरी फुंकून फुंकून पेटवतो.

मी खाली बसलो आणि शेगडी फुंकायला लागलो. धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं. फुंकता फुंकताच माझ्या लक्षात आलं, आणि फुंकणी हातात तशीच राहिली. पांढऱ्या ताऱ्याची प्लेट माझ्याकडे एकच होती. ती फेब्रुवारीतली, सर बरोबर होते तेव्हाची, कोरड्या, थंड हवेतली. एकोणीस नंबर मे महिन्यातला होता. त्या खेपेला मला दोन रात्री मिळाल्या होत्या. पहिली ढगांत गेली. दुसऱ्या संध्याकाळी डोंगरावर धुकं चढलं, ते मध्यरात्रीच्या सुमाराला विरलं, आणि उरलेल्या वेळात मी पाच लाल तारे घेतले, एकोणीस ते तेवीस. त्या रात्री मी पांढरा तारा घेतलाच नव्हता. मे महिन्यातल्या दमट रात्रीला मी फेब्रुवारीची तूट लावत होतो, दोन महिने, वहीत वेगळा रकाना आखून.

का घेतला नाही, ते मला शेगडीपाशीच आठवलं. प्लेटा खास तांबड्या प्रकाशाच्या होत्या, बर्फात जपून ठेवलेल्या, बाहेरून मागवलेल्या. भांडारातल्या माणसाने मला सहा मोजून दिल्या होत्या. पाच लाल ताऱ्यांना लागल्या. सहाव्या प्लेटवर पांढरा तारा घ्यायला वीस मिनिटं पुरली असती. पण माझ्यासारख्याला एवढ्या मोठ्या दुर्बिणीवर बसू दिलं, वर एवढ्या महागाच्या वस्तू हातात दिल्या, तर निदान एक तरी वाचवून परत द्यावी असं मला वाटलं. फेब्रुवारीतली प्लेट आहेच की. सकाळी मी सहावी प्लेट भांडारात परत केली. तो माणूस म्हणाला की न वापरलेली प्लेट परत करणारा मी पहिलाच. मला फार बरं वाटलं होतं. येताना गाडीत मी ते वाक्य दोन-तीनदा मनात म्हटलं होतं.

म्हाताऱ्यांची सुपारी आजच्या तुटीने तोलली. ती कालच्यापेक्षा बरीच कमी निघाली. दुपारी दुकान मालकाच्या हवाली करून मी प्रयोगशाळेत गेलो.

पडताळा सोपा होता, तो मी जुलैतच करायला हवा होता. सोडियमच्या थोडं पुढे वाफेच्या रेघांचा एक दाट पुंजका असतो. त्या जागी लाल ताऱ्यांचं स्वतःचं ठळक असं काही नसतं, तो पुंजका हवेचाच. फेब्रुवारीतल्या ताऱ्यांमधून मी तो कापला, मग एकोणीसमधून. मामा दारात उभे राहून बघत होते. एकोणीसमधला पुंजका दुपटीच्या वर गेला. वीस ते तेवीसमध्येही तो मोठाच होता, एकोणीसपेक्षा थोडा कमी. त्या मानाने वजावट वाढवली तेव्हा एकोणीसच्या सोडियमचं वजन बाकीच्या राक्षसी ताऱ्यांच्या ओळीत येऊन बसलं. कॅल्शियम पहिल्यापासून तेच सांगत होतं. मामांनी विचारलं, झालं का मनासारखं. मी नाही म्हणालो, आणि त्यांनी पेटीचं दार हळू लावून घेतलं.

दादाला संध्याकाळी सांगितलं. त्याचा ताप उतरला होता, तो भिंतीला टेकून पेज पीत होता. मी सगळं सांगितलं, प्लेट परत केल्याचंसुद्धा. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तो मोठा निघाला."

"हो."

"मोठा निघाला तर वाईट काय झालं?"

मी सांगायला लागलो की मोठा असणं हे साधं असतं, तसे यादीत वीस आहेत, तो खुजा असता तर लेख झाला असता, रजा वाढली असती. माझा आवाज चढला. वहिनी दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. दादाने वाटी खाली ठेवली.

"मी बाजारात सांगितलं ते खोटं पडलं काय?"

"पडलं."

"मी खोटं बोल्लो नाय. तू सांगितलंस ते बोल्लो." मग म्हणाला, "उद्या मीच सांगतो सगळ्यांना. तू येऊ नको. तू आलास तर समजावत बसशील."

त्यावर मला हसू आलं नाही. आज हे लिहिताना येतं. तो खरंच दुसऱ्या दिवशी अंगात कसकस असताना बाजारात गेला, आणि काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. पानवाल्याने मात्र मला पुन्हा कधी ताऱ्याबद्दल विचारलं नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

सरांना मी सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर छोटं होतं आणि त्यात रागाचा एक शब्द नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लिहिलं की एका रात्रीची वजावट दुसऱ्या रात्रीला चालत नाही हे आपण मला तोंडी सांगितलं होतं असं त्यांना वाटत होतं, पण कदाचित राहून गेलं असेल. मे महिन्यातले पाचही तारे यादीतून काढून ठेवायचे, पुढच्या हंगामात पुन्हा घ्यायचे, आणि तोवर प्रबंध सादर करायचा नाही. रजा वाढवण्याचं पत्र प्राचार्यांना गेलंच नाही, कारण लिहायला आता काही कारण नव्हतं. दिवाळीनंतर मी पहिल्या वर्षाच्या वर्गावर उभा राहिलो. प्रबंध पूर्ण झाला तो त्यानंतर तीन वर्षांनी. लोक म्हणतात, झाला ना शेवटी. झाला. पण ती तीन वर्षं मी वीस मिनिटांसाठी दिली, आणि कोणाचे उपकार फेडायचे म्हणून दिली हे मला अजून नीट सांगता येत नाही. भांडारातल्या त्या माणसाला ती प्लेट परत नको होती. कोणालाच नको होती.

त्या दिवाळीनंतरच्या फेब्रुवारीत मला एक रात्र मिळाली. कॉलेजातून चार दिवसांची किरकोळ रजा काढून मी डोंगरावर गेलो. आकाश संध्याकाळी स्वच्छ होतं. मी सगळ्यात आधी दुर्बीण पांढऱ्या ताऱ्याकडे वळवली आणि घाई न करता, पुरता वेळ देऊन त्याची प्लेट घेतली. ती काढून दुसरी बसवेपर्यंत पश्चिमेकडून ढग आले, आणि उजाडेपर्यंत ते हटले नाहीत. पहाटेपर्यंत मी खुर्चीत बसून होतो. सकाळी प्लेट धुऊन उजेडात धरली आणि तिथूनच सरांना कार्ड लिहिलं. पांढऱ्या ताऱ्याची प्लेट उत्तम आली आहे. बाकी काही मिळालं नाही.